अर्ध्या तिकिटाची माणसं: इतिहासाची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

पाठ्यपुस्तक अभ्यासगटातील माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

१८८१ चा कारखाना कायदा आपल्या पुस्तकात दीड ओळीत आटोपतो. कामगारांची स्थिती सुधारावी म्हणून सरकारने कायदा केला, बालकामगारांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आणली, झालं. ही दीड ओळ मी २८ वर्षं आठवीला शिकवली. परीक्षेला त्यातलं साल तेवढं येतं, म्हणून साल फळ्यावर चौकटीत लिहायचं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचं, असा माझा शिरस्ता. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, मर्यादा म्हणजे किती तास?" मला माहीत नव्हतं. "उद्या सांगते," म्हटलं. शिक्षकांच्या या उत्तराचा अर्थ मुलं बरोबर ओळखून असतात. पण त्या संध्याकाळी मी खरंच शोधायला बसले, आणि तेव्हापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

कायद्यात होतं ते असं. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या, यंत्रावर चालणाऱ्या कारखान्यात सात वर्षांखालचं मूल ठेवायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. मध्ये एक तासाची सुट्टी द्यायची, महिन्यातून चार दिवस रजा. बारा पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी ते मूल उरतच नाही.

दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगितलं. सात वर्षं म्हणजे दुसरीतलं पोर. धाकटी भावंडं सगळ्यांना असतात, त्यामुळे दुसरीतलं पोर केवढं असतं ते कुणाला सांगावं लागलं नाही. मग एकाच्या लक्षात आलं की आठवीतली मुलं तेरा-चौदा वर्षांची, म्हणजे या कायद्याप्रमाणे अख्खा वर्गच मोठ्या माणसांचा. "मग आम्हाला किती तास?" मी म्हटलं, तुम्हाला मर्यादाच नाही. मुंबईतल्या गिरण्या तेव्हा दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत, कारण विजेचे दिवे आलेले नव्हते. त्यावर एकाने विचारलं, "मग आभाळ भरून आलं तर सोडत असतील?" हा प्रश्न तुमच्या स्वाध्यायात कधीच येणार नाही. पण कायदा त्या मुलांना नेमका किती कळला होता, ते त्या प्रश्नात दिसत होतं.

त्याच दीड ओळीच्या मागेपुढे आणखी काय काय आहे बघा. १८८० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने पाच ते दहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा सक्तीची केली. पुढच्याच वर्षी त्याच राणीच्या राज्यात मुंबईत सात वर्षांच्या मुलाला नऊ तास बॉबिन, म्हणजे सुताची रिळं, बदलायला परवानगी मिळाली. इकडे त्या मुलासाठी शाळेची सक्ती कुणावरच नव्हती. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. याच गोखल्यांचं विधेयक तुमच्या पुस्तकात दुसऱ्या प्रकरणात आहे आणि कारखाना कायदा तिसऱ्या. गिरणीतलं ते मूल आणि शाळेत न गेलेलं ते मूल एकच होतं, हे सांगायला दोन प्रकरणांच्या मध्ये कुणी उभं नाही.

आणखी एक अडचणीची गोष्ट. हा कायदा व्हावा म्हणून विलायतेत सगळ्यात मोठा आवाज होता लँकेशायरच्या, म्हणजे इंग्लंडातल्या कापडधंद्याच्या मुलखातल्या, गिरणीवाल्यांचा. मुंबईच्या पोरांबद्दल त्यांना फार उमाळा आला होता असं नाही. स्वस्त मजुरीवर निघणारं मुंबईचं सूत त्यांच्या बाजारात त्यांना नको होतं. आणि विरोध कुणाचा? मुंबईच्या गिरणीमालकांचा, आणि त्यांच्या सुरात सूर मिळवणाऱ्या आपल्या कितीतरी देशी वर्तमानपत्रांचा. देशी उद्योग बुडवायचा डाव आहे, असं ती लिहीत होती. त्यांचं म्हणणं सगळंच खोटं होतं असंही नाही. पण सात वर्षांचा तो पोरगा दोन्ही बाजूंच्या हिशेबात होता तो खर्चाच्या रकान्यात. गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. लोखंडे पुस्तकात आहेत, याबद्दल आभार. त्यांच्या मागे उभी असलेली लहान डोकी मात्र नाहीत.

१८९१ मध्ये कायदा सुधारला. सातचे नऊ झाले, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास ठरले. अशा मुलाला गिरणीत हाफटायमर म्हणत. जन्मतारखेचा कागद कुणाजवळच नसे. डॉक्टर पोराला समोर उभं करून, त्याच्या अंगापिंडाकडे बघून वय ठरवी आणि दाखला देई. १९०८ च्या कारखाना मजूर आयोगाला आढळलं की ही अर्ध्या वेळेची मुलं बऱ्याच ठिकाणी पूर्ण वेळ राबत होती.

अर्ध्या वेळेचं माणूस. हा शब्द सापडल्यावर मला तो सगळीकडे दिसू लागला. १८३४ पासून १९१७ पर्यंत गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, माणसं परदेशी मळ्यांत नेली. कलकत्ता आणि मद्रासेहून सर्वाधिक गेली, पण मुंबई बंदरातूनही मॉरिशसला गेली. मॉरिशसमध्ये आजही मराठी आडनावं आहेत, ती तिथूनच. या बोटींच्या कागदांवर दोन आकडे असत. एक जिवांचा, दुसरा कायदेशीर प्रौढांचा. जागा आणि भाडं ठरे ते दुसऱ्या आकड्यावर. त्यात दोन मुलं मिळून एक माणूस व्हायचं. तान्ही बाळं हिशेबातच नसत, आणि बोटीवर दगावणाऱ्यांत मोठा वाटा त्यांचाच असे. आपण एसटीत पोरांचं अर्धं तिकीट काढतो तेव्हा कंडक्टर निदान पोराकडे एकदा बघतो तरी.

माझी तक्रार आता तुमच्या लक्षात आली असेल. साम्राज्याचा इतिहास आपण मुलांसाठी लिहितो, आणि त्यात मुलंच नाहीत. आहे तो नंदुरबारचा शिरीषकुमार. ९ सप्टेंबर १९४२ ला हातात झेंडा घेऊन गोळ्या झेललेला. तो असायलाच हवा, त्याचं पान कमी करा असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण मुलाने पुस्तकात यायचं तर मरूनच यायचं, असा नियम झाल्यासारखा वाटतो. जी पोरं झेंडा न घेता नुसतीच जगली, कामाला गेली, शाळेबाहेर उभी राहिली, आईपासून तोडली गेली, ती कुठे आहेत?

देवीच्या लशीचं घ्या. हा प्रसंग तर कुठल्याही मुलाला आवडेल असा आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली आणि ती धरली. हिंदुस्थानातलं हे पहिलं यशस्वी लसीकरण. लस बसऱ्याहून आली होती. त्या काळी लस बाटलीत फार दिवस टिकत नसे, उन्हाळ्यात आणि लांबच्या प्रवासात वाया जाई. टिकवायचा एकच खात्रीचा मार्ग होता, तो म्हणजे माणसाचा दंड. टोचलेल्या जागी आठवड्याभरात फोड भरतो. त्यातलं पाणी काढून पुढच्या दंडात. तो भरला की त्याच्या पुढच्या. ॲनाच्या दंडावरून पाच मुलांना टोचलं, आणि तिथून ती लस गावोगाव पसरली. लस गावोगाव पसरली, असं आपण सहज म्हणतो. खरं तर पोरांचे दंड गावोगाव फिरले. ॲनाचं नाव राहिलं. त्या पाच जणांपासून पुढची मुलं नुसतीच 'मुलं' झाली.

पुढच्या वर्षी स्पेनच्या राजाने हेच काम समुद्रापलीकडे केलं. ३० नोव्हेंबर १८०३ ला ला कोरुन्याच्या बंदरातून फ्रान्सिस्को बाल्मिस नावाच्या डॉक्टरचं जहाज अमेरिकेतल्या वसाहतींकडे निघालं. लस होती २२ अनाथ मुलग्यांच्या अंगात. वयं तीन ते नऊ. दर नऊ-दहा दिवसांनी दोघांना टोचायचं. दोघांना अशासाठी, की एकाच्या अंगात नाही धरली तर साखळी तुटू नये. त्यांना सांभाळायला इसाबेल झेंदाल नावाची अनाथालयाची व्यवस्थापक होती, आणि त्या २२ जणांत तिचा स्वतःचा मुलगाही होता. मेक्सिकोत पोहोचल्यावर ही मुलं तिथेच ठेवून घेतली. तिथून फिलिपिन्सला जायला १८०५ मध्ये आणखी २६ मुलं घेतली, ती मेक्सिकोतली.

लशीने लाखो जीव वाचवले हे शिकवाच. मी स्वतः देवीची टोचणी घेतलेल्या पिढीतली आहे, दंडावर दोन खुणा आहेत, आणि वर्गात बाही वर करून त्या दाखवल्यावर मुलं मान पुढे काढून बघतात. पण एखादी उपकाराची गोष्ट सांगतानाही तो उपकार कुणाच्या अंगात भरून आणला, एवढं सांगायला काय हरकत आहे? आणि आपल्याकडचं सांगायचं तर, ज्यांच्या दंडावरून लस घेतली जाई ती पोरं बहुतेक गरिबांची आणि खालच्या मानलेल्या जातींची असत. वरच्या जातींचे लोक मग आमच्या मुलाला त्याचं पाणी नको म्हणून अडून बसत. हाही आपलाच इतिहास आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसले ती.

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ साली झाला. पुस्तकात तो आहे, एका ओळीत. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोरच होणार, या समजुतीवर तो उभा होता. १८९७ च्या दुरुस्तीने सरकारला एक नवा अधिकार मिळाला. या जमातींतल्या चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारवस्तीत ठेवण्याचा. चार वर्षांच्या मुलाने कसला गुन्हा केलेला असतो? केलेला नसतोच, म्हणून तर चार. आई त्याला काही शिकवायच्या आत उचलायचा. १९११ च्या कायद्याने हे सारं मुंबई इलाख्यालाही लागू झालं आणि सोलापूरला तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत झाली. आजही सोलापुरात तिला सेटलमेंट म्हणतात. इंग्रज गेले, १९५२ च्या ३१ ऑगस्टला हा कायदा गेला, शब्द राहिला.

मला हे सगळं पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, हुशार, पण आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. पालकसभेला त्याची आजी आली. मी आपली सवयीने म्हणाले, "आजी, याची हजेरी फार कमी आहे." म्हातारी पदर सावरून खुर्चीत ताठ बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, शाळा बुडवतो म्हणा. हजेरी म्हणू नका." तिचं लहानपण सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये गेलेलं. दिवसातून ठरल्या वेळी सगळ्यांनी कुंपणाशी उभं राहायचं, नाव पुकारलं की हात वर करायचा. आई तापाने फणफणलेली असली तरी तिला धरून उभं करायचं. आजीला तेव्हा नावाचा अर्थ कळायचा नाही, म्हणाली, फक्त एवढंच कळायचं की आपलं नाव कुणी मोठ्याने घेतलं तर पोटात गोळा येतो. त्या दिवसापासून मी वर्गात हजेरी घेणं बंद केलं असं नाही, शाळेचा नियम आहे. पण त्या मुलाचं नाव आलं की मी वर न बघता, हळू आवाजात घ्यायचे. तो ते ओळखून होता की नाही, मला कधीच कळलं नाही.

तुमच्या एका ओळीत ती आजी बसेल का? चार ते अठरा, एवढे तीन शब्द तरी बसतील.

मला ठाऊक आहे, यावर कुणीतरी म्हणेल की इंग्रजांनी शाळाही काढल्या. काढल्या. आणि इथेच तुमच्या पुस्तकाला सगळ्यात मोठी संधी आहे, कारण आपल्याकडे एका शाळकरी मुलीचं स्वतःचं लेखन आहे. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांना कसं वागवलं ते तिने लिहिलं. इमारतीच्या पायात माणसं गाडत ते लिहिलं. बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या घरावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, तेही लिहिलं. एका मुलीला बाळंतिणीचं छप्पर दिसलं, हे बघा. मोठ्यांच्या इतिहासात ते कुणाला दिसलं नव्हतं. आणि तिने हेही लिहिलं की इंग्रजांच्या राज्यात हा छळ थांबला. साम्राज्याविषयी मुलांनी काय वाटून घ्यावं, याचं एकच उत्तर देता येत नाही ते असं.

तिच्या निबंधानंतरच्या वर्षी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळेने नाही म्हटलं. त्याने वर दाद मागितली. मुंबई सरकारचा निर्णय मोठा वाचनीय आहे. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केलं, आणि तरी एका मुलासाठी इतरांच्या समजुती दुखवायला नकोत म्हणून दार बंदच ठेवलं. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तो निर्णय आणि मुक्ताबाईचा निबंध समोरासमोर दोन पानांवर छापा आणि खाली काहीच लिहू नका. आठवीतली मुलं त्यावर तासभर भांडतील. माझ्या वर्गातली भांडली. एकजण म्हणाला, इंग्रज भित्रे होते. दुसरी म्हणाली, भित्रे नव्हते, त्यांना सोयीचं होतं. मी कुणालाच मार्क दिले नाहीत.

त्या मुलाचं नाव मी शोधलं. मला सापडलेल्या प्रत्येक कागदात तो फक्त 'एक महार मुलगा' आहे.

संमतीवयाच्या कायद्याबद्दल, म्हणजे नवऱ्याने शरीरसंबंध ठेवायचा तर बायकोचं वय निदान किती हवं हे ठरवणाऱ्या कायद्याबद्दल, मी जपून लिहिते, कारण तेरा वर्षांच्या मुलामुलींपुढे तो कसा ठेवायचा हा खरंच अवघड प्रश्न आहे. पण १८९१ चा तो कायदा आपल्या पुस्तकात दोन पुरुषांच्या वादासारखा येतो. कोण बाजूने, कोण विरुद्ध, कुणाचा अग्रलेख. वय दहाचं बारा झालं ते एका मुलीच्या मृत्यूनंतर. कलकत्त्याची फुलमणी, दहा-अकरा वर्षांची, नवऱ्याकडे गेली आणि वाचली नाही. तपशील नको. पण एक मुलगी होती, तिचं नाव फुलमणी होतं, एवढं वाक्य वगळून बाकीचा वाद लिहायला एक वेगळंच कसब लागतं. आपल्याकडे ते भरपूर आहे.

हे सगळं इंग्रजांचंच पाप म्हणून मुलांच्या मनावर ठसवा, असं माझं म्हणणं नाही. मुलं उचलायची युक्ती गोऱ्यांनी शोधलेली नाही. ऑटोमन सुलतानांनी बाल्कनमधल्या ख्रिश्चन घरांतून मुलगे गोळा करायची पद्धतच लावली होती, देवशिर्मे म्हणून. धर्म बदलायचा, भाषा बदलायची, सैन्यात किंवा दरबारात घालायचं. त्यातलाच एक बोस्नियाचा मुलगा सोकोल्लू मेहमेद पाशा १५६५ मध्ये साम्राज्याचा मुख्य वजीर झाला. अशा मुलाला दुर्दैवी म्हणायचं की भाग्यवान, यावर वर्गात दोन तट पडतात आणि पडायलाच हवेत.

पुढच्या काळात ही युक्ती दप्तर घेऊन आली. कॅनडात आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढल्या. दीड लाखाच्या आसपास मुलं त्यांतून गेली. केस कापले, मातृभाषा बोलली तर शिक्षा. १९०७ मध्ये डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानेच अहवाल दिला की या शाळांत क्षयाने मुलं मरताहेत. अहवाल फडताळात गेला, शाळा १९९० च्या दशकापर्यंत चालल्या. ऑस्ट्रेलियात तेच, आणि २००८ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी माफी मागितली. डेन्मार्कने १९५१ मध्ये ग्रीनलंडमधली २२ मुलं 'नवे डॅनिश नागरिक' घडवायला उचलून नेली. माफी २०२० मध्ये आली, तेव्हा बाविसातली सहा हयात होती. बेल्जियमच्या काँगोत गोरा बाप आणि काळी आई असलेल्या मुलांना आयांपासून तोडून मिशनमध्ये ठेवत. त्यातल्या पाच मुली म्हाताऱ्या झाल्यावर कोर्टात गेल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ब्रुसेल्सच्या अपील कोर्टाने बेल्जियमला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी दोषी धरलं. साम्राज्याचा इतिहास जुना झाला असं आपण समजतो, आणि त्याचे साक्षीदार अजून कोर्टाच्या पायऱ्या चढताहेत.

प्रत्येक ठिकाणी कागदावर लिहिलेलं कारण मात्र एकच: मुलाच्या भल्यासाठी. कुठल्याही साम्राज्याने कुठलंही मूल त्याच्या वाईटासाठी उचलल्याची नोंद मला सापडली नाही. साहेबांनी तर आपली स्वतःची पोरंही सोडली नाहीत. पाच-सहा वर्षांचं झालं की बोटीत घालून विलायतेला, अनोळखी घरात, भल्यासाठीच.

आता मागणी. पानं वाढवू नका, दप्तराचं वजन मला माहीत आहे. आहेत त्याच ओळी जरा वाकवा. कारखाना कायद्याच्या ओळीत सात आणि नऊ हे दोन आकडे घाला. गुन्हेगार जमाती कायद्यापुढे चार ते अठरा. लशीच्या ओळीत ॲनाचं नाव. मुक्ताबाईचा उतारा मूळ शब्दांत, कारण तिची मराठी आठवीच्या मुलांना तुमच्या माझ्यापेक्षा लवकर कळते. स्वाध्यायात 'कायद्याचे परिणाम लिहा' याऐवजी कधीतरी 'या कायद्याप्रमाणे तुझ्या वयाच्या मुलाचा दिवस लिही' असं विचारा. तपासायला त्रास होईल हे कबूल. तो त्रास आम्ही सोसू. परीक्षकांच्या वतीने हे लिहायचा मला अधिकार नाही, पण लिहिते.

"मुलांना हे झेपेल का," असं बैठकीत कुणीतरी विचारणारच. पानिपतात किती माणसं कापली गेली ते झेपतं. अफझलखानाचं आतडं तर चौथीपासून झेपतं. सात वर्षांच्या पोराचे नऊ तासच तेवढे झेपणार नाहीत, असं का वाटतं? मला वाटतं ते मुलांना झेपतं, आपल्याला झेपत नाही. कारण ते सांगायला लागलं की पुढचा प्रश्न येतो, बाई, त्या गिरणीचा मालक कोण होता? आणि उत्तर आपल्याच आडनावांचं निघतं. परवाच एका ओळखीच्या शिक्षिकेने सांगितलं, की तिच्या वर्गात याच धड्यावर एका मुलाने हात वर करून विचारलं, "आमच्या गल्लीतला चहावाला पोरगा कितवीत आहे?" तिने पुढचा धडा घेतला. मी तिला दोष देत नाही, मीही तेच केलं असतं.

मी आता निवृत्त आहे, त्यामुळे यात माझं काही अडलेलं नाही. माझ्याकडे २८ वर्षांच्या टिपणांच्या वह्या आहेत, मुलांनी विचारलेले प्रश्न तारखेसकट लिहिलेले. अभ्यासगटाला हव्या असतील तर आणून देईन. झेरॉक्सचा खर्च माझा.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका

ता. क. कारखान्यांच्या प्रकरणात एक जुना फोटो छापला आहे. त्याखाली 'कापड गिरणीतील यंत्रे' असं लिहिलंय. डावीकडे, दुसऱ्या यंत्राच्या आड, एक अनवाणी पोरगा उभा आहे, हातात बॉबिनांची टोपली. छपाईत तो काळा पडलाय. पुढच्या आवृत्तीत तो कोपरा जरा उजळ करून घ्या, आणि ओळीत यंत्रांच्या आधी त्याला घ्या.